सातबारा नसलेली जमीन

आमच्या अंगणात मोठ्या बाबूंनी उत्तराखंडाचा नकाशा अंथरला तेव्हा माझे वडील हळदीचं बेणं निवडत बसले होते. नकाशा वाऱ्यानं उडू नये म्हणून बाबूंनी त्याच्या चार कोपऱ्यांवर बेण्याचे चार गड्डे ठेवले, खिशातलं लाल पेन काढलं आणि डोंगरांमधल्या एका हिरव्या ठिपक्यावर त्याचं टोक टेकवून म्हणाले, "पाटील, ऑगस्टात तुमच्या पोरीला इथं न्यायचंय. अकरा दिवस. हरकत असली तर आत्ताच सांगा."

वडिलांनी नकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते आणि माझं तोंड उघडंच राहिलं होतं, कारण मलाही हे तेव्हाच कळत होतं.

"हे काय हाय, बाबू?"

"राष्ट्रीय उद्यान. फुलांची घाटी म्हणतात. हिमालयात."

"आन् पोरगी तिथं काहून?"

"पायी चालती म्हणून," बाबू म्हणाले. "आमच्या कचेरीत अठरा माणसं. मला सोडलं तर सोळा जण चहाच्या टपरीवरबी गाडीनं जातेत. ही एकटी स्टँडपासून पायी येती. मी पाहून राहिलो ना दोन वर्षांपासून."

दोन वर्षांत बाबू माझ्याशी कामाशिवाय चार वाक्यं बोलले नव्हते. आणि ते मला पाहत होते म्हणे! रविवारची सकाळ, कळमनुरीहून आखाडा बाळापूरच्या पुढं आमच्या खेड्यापर्यंत स्कूटरवर आलेला हा माणूस, आणि माझ्या बापाला माझ्याबद्दल विचारणारा. मला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हा त्यांचा स्वभाव होता आणि पुढं जे घडलं ते सगळं त्याच्यातूनच घडलं.

वडिलांनी बराच वेळ बेणं हातात फिरवलं. शेवटी म्हणाले, "तुमी सोता सोबत असाल तर जाऊ दे. न्हाईतर न्हाई."

"बराबर," बाबू म्हणाले आणि नकाशाची घडी घातली. चहाही घेतला नाही. त्यांची चहाची वेळ निघून गेली होती.

मोठे बाबू म्हणजे आमच्या कचेरीतले अव्वल कारकून. जमिनीची सगळी जुनी कागदपत्रं त्यांच्या ताब्यात. उंच, वाळलेले, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, बारा महिने तेरा काळ. मी तिथं आवक-जावकला लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि त्यांना भ्यायचे. सगळेच भ्यायचे. ते कधी आवाज चढवत नसत. ते चिठ्ठी पाठवत. कोणी फाइल उशिरा दिली, कोणी पंखा चालू ठेवून गेलं, कोणी टेबलावर केळीचं साल ठेवलं, की तासाभरात त्याच्या हातात चिठ्ठी पडायची: "खुलासा करावा." चहावाल्यालाही एकदा खुलासा मागितला होता, साखर कमी का म्हणून. त्यानं घाबरून खरंच लिहून दिला. बाबूंनी त्यावर "मान्य" असा शेरा मारून तो परत केला.

लग्नपत्रिका आली की ते लाल पेनानं तिच्यातल्या चुका काढत आणि पत्रिका घेऊन लग्नाला जात. नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात आहेर आणि तपासलेली पत्रिका दोन्ही ठेवत. घरापासून कचेरीपर्यंत त्यांची अकराशे चाळीस पावलं व्हायची. नळासाठी रस्ता खोदला तेव्हा सव्वीस पावलं वाढली, हे त्यांनी रीतसर अर्ज करून कळवलं होतं. कोणाला कळवलं आणि त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.

पण हाच माणूस हिमालयात जायचं म्हणतो, आणि तेही देवाला नाही, फुलं बघायला, हे ऐकून अख्खी कचेरी हबकली. त्यांनी आजवर हिंगोली आणि नांदेड सोडून काही पाहिलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, "बाबू, नेमकं तिथंच का?"

त्या दिवशी कचेरीत दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडून गेले होते. हातभर बांध. एकानं दुसऱ्याची गचांडी धरली, शिपायानं सोडवलं. बाबू त्यांची सांडलेली कागदं गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "एकतीस वर्षं हेच करून राहिलो. हा बांध कोणाचा, ती विहीर कोणाची, वारस कोण. मला एकदा अशी जमीन पाहायची, जिचा सातबारा न्हाई. कोणाच्याच नावावर न्हाई. तिथं माणसाला राहायचीबी परवानगी न्हाई. सकाळी जायचं, पाहायचं, दुपारच्याला बाहेर निघायचं." मग कागदं रचून ठेवत म्हणाले, "बराबर?"

मी म्हटलं, "बराबर."

जाणारे पाच जण ठरले होते. बाबू, मी, आमच्याच तालुक्यातला एक तरणा तलाठी आणि हिंगोलीचे एक शिक्षक नवरा-बायको. बाबूंनी नियम केले. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर दोनदा चढायचं, पाठीवर पाच किलोचं ओझं घेऊन. वजन त्यांच्या घरी तराजूवर होई. तलाठ्यानं एकदा पिशवीत उशी भरून आणली होती. बाबूंनी ती तिथल्या तिथं काढून ज्वारी भरली. ज्याला चक्कर येईल त्याचं नाव कटणार. त्याच दिवशी. अपील नाही.

तिसऱ्याच रविवारी तलाठी टेकडीच्या मध्यावर मटकन बसला. उपाशी आला होता बिचारा, आदल्या दिवशी त्याचा उपास होता. पाणी पाजलं, दोन मिनिटांत उठला, हसायला लागला. "काही न्हाई झालं बाबू, रिकामं पोट होतं."

बाबूंनी खिशातून यादी काढली आणि त्याच्या नावावर लाल रेघ मारली.

"बाबू, मी बूट घेतले ना नवे!"

"बूट चांगलेच आहेत," बाबू म्हणाले आणि वर चढायला लागले.

मला त्यांचा राग आला. शिक्षक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तलाठी मात्र दुसऱ्या रविवारी पुन्हा हजर झाला. नाव नाही तर नाही, म्हणाला, चालायला तर बंदी नाही.

टेकडीवर एक कडुनिंब होता. आम्ही घामाघूम होऊन दुसऱ्यांदा तिथं पोचायचो तेव्हा बाबूंच्या पत्नी, काकू, डबा सोडून बसलेल्या असायच्या. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावर पदर. त्यांना मूलबाळ नव्हतं. बोलायच्या फार कमी. "घ्या," "अजून घ्या," आणि "पानी हाय तिकडं" यापलीकडं मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आम्ही जेवायचो, हात धुवायचो, उतरायचो. त्या मागून भांडी घेऊन यायच्या.

जुलैच्या मध्याला एका रविवारी रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडलं होतं. वाट निसरडी होती. बाकीचे पुढं गेले, मी आणि बाबू मागं राहिलो. एका वळणावर मला त्यांचा श्वास ऐकू येईनासा झाला म्हणून मी वळून पाहिलं. बाबू एका दगडाला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा. कपाळावरून घाम ओघळून गळ्यापर्यंत लावलेल्या बटणावर ठिबकत होता. त्यांचा डावा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा लोंबत होता.

"बाबू!"

"बसतो जरा," ते म्हणाले आणि चिखलातच बसले.

मी त्यांच्या पाठीवरची पिशवी काढली, पाणी दिलं. दहा-बारा मिनिटं ते डोळे मिटून होते. मग उठले, पँटचा चिखल झटकला, माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल."

वर गेल्यावर ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला सगळं लख्ख दिसत होतं. याच वाटेवर यांनी एका पोराचं नाव कापलं होतं. पण बाबू गेले नाहीत तर मला कोणी सोडणार नव्हतं. माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी मी कुठं असेन, कोणाच्या परवानगीनं चालेन, काही ठाऊक नव्हतं. ते अकरा दिवस मला पाहिजे होते. मी पिठलं-भाकरी खाल्ली आणि गप्प बसले.

निघायच्या पाच दिवस आधी बाबूंनी सगळ्यांना संध्याकाळी घरी बोलावलं. आम्ही चौघं सतरंजीवर बसलो, तलाठीही होता. काकू आत चहा करत होत्या. बाबूंनी तिकिटं, खोल्यांच्या पावत्या, औषधांची यादी एकेकाला वाटली. मग यादी काढली आणि लाल पेन उघडलं.

"अर्जदार क्रमांक एक," ते म्हणाले. "चक्कर आली. छातीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. उंचावर जायला मनाई. नामंजूर."

क्रमांक एक म्हणजे ते स्वतः होते. त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली, तलाठ्याच्या नावावर मारली होती तेवढीच, पट्टी न लावता सरळ.

शिक्षक म्हणाले, "अहो, मग आपण सगळंच रद्द करू."

"तुमी काहून रद्द करता? तुमाला काय झालं?" बाबूंनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. तीवर माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं: 'सदर घटना आपण समक्ष पाहिली. पंधरा दिवस कोणासही कळवली नाही. खुलासा करावा.'

माझ्या कानशिलात वाजली असती तरी एवढं लागलं नसतं. सगळे माझ्याकडं बघत होते. तलाठीही बघत होता. मी चिठ्ठी उलटसुलट केली.

"मला जायचं होतं," मी म्हणाले. "तुमी न्हाई गेलात तर मला कोणी जाऊ दिलं नसतं."

बाबूंनी चिठ्ठी परत घेतली, मांडीवर ठेवून लिहिलं आणि मला दिली. 'खुलासा मान्य.' माझं रडू तेव्हा फुटलं.

"आता माझ्या जागी," ते पुढं म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं, "ही जाईल." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. "आठ रविवार तुमी पाच किलो घेऊन चढले. ही डोक्यावर डबा, कमरेवर घागर घेऊन तुमच्या आधी वर होती. दम लागलेला कोणी पाहिला का? मी वेळ लावली आहे. तुमच्या सगळ्यांपेक्षा कमी."

आठ रविवार आम्ही तिच्या हातचं जेवलो होतो. ती वर कशी येते, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मला कोणी इचारलं?"

"तुझी तब्येत बराबर आहे. मी..."

"तुमच्या छातीत कळ आली, ते मला आत्ता कळून राहिलं. या लोकायसंग. आन् मी हिमालयात जायचं, तेबी आत्ता कळून राहिलं." आवाज चढला नव्हता. "मी न्हाई जात."

त्या आत गेल्या. पुढं काय करायचं ते माहीत नसलेले बाबू मी पहिल्यांदाच पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू एकट्या माझ्या खोलीवर आल्या. मी कळमनुरीत स्टँडजवळ भाड्यानं राहत होते. दारातच म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणले ते मी सोता इचारून आले. गोळ्या चालू हायत, घाबरायचं न्हाई म्हणून राहिले. हे बी म्हणतेत जा. मी लई इचार केला. चल, तुझ्या बापाला भेटू."

त्या कधी बाबूंशिवाय एसटीत बसल्या नसतील असं मला वाटलं होतं. आम्ही बाळापूरला उतरून आमच्या गावी गेलो. वडिलांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाबूची गोष्ट येगळी व्हती, बाई. तुमी तर कदी कुठं गेल्या न्हाईत."

"न्हाई गेले," काकू म्हणाल्या. "लगीन होऊन तेहतीस वर्षं झाली. कोणी इचारलंच न्हाई. तुमच्या पोरीला कोणीतरी इचारलंय. तुमी न्हाई म्हणा, ती न्हाई जायची. मग ती माझ्यावानी पन्नास वर्षांची होईल."

वडील काही बोलायच्या आत माझी आई चुलीपासून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या तिला." माझ्या आईनं वडिलांच्या आधी बोललेलं मी जन्मात तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वडिलांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू घरात कोणी पाहुणी आली आहे.

आम्ही चौघं गेलो. नांदेडला गाडीत बसवून द्यायला बाबू आले होते. खिडकीशी उभे राहून त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "वरच्या मुक्कामाला फोन लागत न्हाई. लावत बसू नको."

प्रवासाचं मी फार सांगत नाही. घांगरिया या वरच्या मुक्कामाच्या चढावर शिक्षकांना खेचर करावं लागलं. काकू नऊवारी वर खोचून, पायात पांढरे बूट, पावसाची टोपी घालून सगळ्यांच्या पुढं. वन खात्याच्या चौकीवर नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी पेन हातात घेऊन आपलं पूर्ण नाव हळूहळू लिहिलं. आत गेल्यावर धुकं होतं. मग ते वर सरकलं आणि दरीभर, डोंगराच्या पोटापर्यंत, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीची फुलं. पांढरी, जांभळी, गुलाबी, मध्येच पिवळी. मी काकूंचा फोटो काढायला गेले तर त्या दिसेनात. पाहते तर वाटेच्या कडेला एका खडकावर बसून रडत होत्या. आनंदाचं रडू असेल म्हणून मी जवळ गेले.

"हे त्यायनं काहून न्हाई पाहिलं?" त्या म्हणाल्या. "एवढं सगळं केलं, आन् हे काहून न्हाई पाहिलं?" आणि मग एकदम डोळे पुसून, "आन् मला आधीच काहून न्हाई आणलं?" दोन्ही राग खरे होते. त्या दोन्ही वेळा तेवढ्याच जोरात म्हणाल्या.

परत खाली जोशीमठला आल्यावर काकूंनी फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. बाबूंचा आवाज बसलेला होता. घोगरा, तुटका. "पावसात भिजलो. घसा बसलाय," ते म्हणाले. मागं कसलीतरी टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं घड्याळ.

नांदेड स्टेशनवर बाबू नव्हते. तलाठी उभा होता. त्यानं काकूंच्या हातातली पिशवी घेतली, आणि त्यांच्या डोळ्यांकडं बघायचं टाळत म्हणाला, "काकू, आधी दवाखान्यात जायचंय. काळजीचं काही न्हाई. सगळं बराबर झालंय."

आम्ही डोंगर चढत होतो त्या दिवशी नांदेडच्या एका दवाखान्यात बाबूंची छाती उघडून ऑपरेशन झालं होतं. तारीख त्यांनी आमच्या तिकिटांवरून ठरवली होती. काकू वर असतील, फोन लागणार नाही, तोच दिवस. डॉक्टरांना त्यांनी हात जोडून सांगितलं होतं की घरच्यांना मी सांगेन, तुम्ही सांगू नका. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून तलाठ्यानं सही केली होती. नातं काय, या रकान्यात त्यानं 'पुतण्या' लिहिलं. ज्याचं नाव यांनी कापलं होतं तो नऊ रात्री दवाखान्याच्या बाकावर झोपला होता, त्याच नव्या बुटांवर डोकं ठेवून.

मी दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसले.

बाबू पलंगावर उशा लावून बसले होते. दवाखान्याचा ढगळ शर्ट घातलेला, गळा उघडा, छातीवर पट्टी. काकूंना बघून म्हणाले, "आलीस? तुला इथं बाकावर बसून राहायला लागू नये म्हणून... तुला बघता आलं नसतं."

"आन् तुमी मेले असते तर?"

बाबूंनी खरं तेच सांगितलं. त्यांना दुसरं येत नव्हतं. "तर या तलाठ्याला सांगून ठेवलं होतं. तुमी परत येईस्तोवर कळवायचं न्हाई."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी जपमाळ थांबवून बघत होती. काकूंनी सिस्टरला गोळ्यांच्या वेळा विचारल्या, बाबूंचं पांघरूण नीट केलं, आणि त्यानंतर सुट्टी मिळेपर्यंत त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. घरी आणलं. चार दिवस मुकाट्यानं सगळं केलं. पाचव्या दिवशी बाबूंच्या बहिणीला बोलावून घेतलं, गोळ्या समजावल्या, मिठाचं सांगितलं, आणि पिशवी उचलून सेनगावकडं भावाच्या गावी निघून गेल्या.

कळमनुरीत काय काय बोललं गेलं ते सांगण्यासारखं नाही. ऑपरेशन झालेल्या नवऱ्याला टाकून गेली म्हणाले. हिमालयात जाऊन आली आणि डोकं फिरलं म्हणाले. मला बाजारात बायका अडवून विचारायच्या, तिथं काय झालं गं? मी काय सांगणार? मलाच धक्का बसला होता. मला आधी काकूंचा राग आला, मग बाबूंचा, मग स्वतःचा, कारण फोनवर ती दवाखान्याच्या यंत्राची टिकटिक मी ऐकली होती.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी बाबूंना गाडीत बसायची परवानगी दिली. त्याच दिवशी त्यांनी तलाठ्याला आणि मला बोलावलं. "मला तिच्याकडं जायचंय," म्हणाले. मग बराच वेळ चाचरत, "तुमी... येता का? तुमाला सवड आहे का?" तलाठी लगेच गाडीचं बघायला उठला.

सोयाबीनची काढणी चालू होती. काकूंच्या भावाच्या अंगणात पोत्यांची थप्पी लागली होती आणि काकू बाजेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होत्या. बाबू अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. भावजयीनं खुर्ची आणली, बसले नाहीत. काकूंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"न विचारता तुला पाठवलं," बाबू म्हणाले. "न सांगता ऑपरेशन केलं. दोन्ही चुकलं."

शेंगा सोलल्याचा आवाज येत राहिला.

"मला वाटलं तुला त्रास नको."

"मला काय नको ते तुमाला ठाऊक. मला काय पाहिजे ते कोणाला ठाऊक?"

बाबूंनी मान खाली घातली. इतकी बारीक झालेली ती मान मी पहिल्यांदाच पाहिली. ते असे उभे राहिले की मला वाटलं आता जाऊन धरावं. मग ते म्हणाले, "तिथं काय पाहिलंस?"

काकूंचे हात थांबले.

"दीड महिन्यानं इचारून राहिले?"

"व्हय."

त्यांनी बाबूंकडं बघितलं, उघड्या गळ्याकडं, शर्टाच्या वर दिसणाऱ्या लाल वणाकडं. शेंगांचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि बाजेवर जागा केली. "बसा मग. याला वेळ लागन."

त्यांनी नांदेडच्या फलाटापासून सुरुवात केली. खिडकीतून बाबू कसे लहान लहान होत गेले, तिथून. समोरच्या बाकावरच्या सरदारणीनं दिलेलं लोणचं, पहाटे दिसलेले मोर, दिल्लीतला उकाडा. बाबूंनी मध्ये एकदा स्टेशनचं नाव सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढं ते चार दिवस तिथंच राहिले आणि मग दोघं एसटीनं घरी आले. पण त्या संध्याकाळी तलाठ्यानं गाडी काढली, भावजयीनं तुळशीपाशी दिवा लावला, मी निरोप घ्यायला बाजेजवळ गेले. दोघांपैकी कोणीही माझ्याकडं बघितलं नाही. काकू अजून हरिद्वारलाच पोचल्या होत्या.